उष्णता, अभिसरण आणि अंतराळातलं इलेक्ट्रोफोरेसिस : एका दाव्याची चिकित्सा

आज आम्ही एका जुन्या दाव्याची चिकित्सा करणार आहोत. दावा १९७० आणि १९८० च्या दशकांतला, अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमातला. पण तो अजून निवृत्त झालेला नाही. अंतराळात औषधं तयार करायची भाषा निघाली की तो नवे कपडे घालून पुन्हा येतो. दावा असा : विद्युतक्षेत्रात प्रथिनं किंवा पेशी वेगळ्या करायला घेतल्या की द्रव तापतो. तापला की त्यात अभिसरण सुरू होतं आणि वेगळं झालेलं पुन्हा मिसळतं. अभिसरण गुरुत्वाकर्षणामुळे होतं. म्हणून गुरुत्वाकर्षण जाणवणार नाही अशा ठिकाणी हेच काम केलं की ते निर्दोष होईल.

यातली पहिली तीन वाक्यं पक्की आहेत. चौथ्याकडे जाणारी उडी मात्र तपासायला हवी. त्या उडीवर यंत्रं बांधली गेली, सात उड्डाणांत ती वर नेली गेली, आणि पाठ्यपुस्तकांत ‘अंतराळाचे फायदे’ म्हणून एक परिच्छेद कायमचा जाऊन बसला.

आधी गोष्ट काय आहे ते बघू. प्रथिनाच्या रेणूवर विद्युतभार असतो. तो द्रावणात ठेवून दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावले की रेणू सरकू लागतो. ज्याचा भार जास्त आणि ज्याला द्रवाचा अडथळा कमी, तो पुढे जातो. हे इलेक्ट्रोफोरेसिस. पण द्रावणात क्षार असतात, त्यांना आपण बफर म्हणतो, आणि त्यांच्यातून वीजप्रवाह वाहतोच. प्रवाह वाहिला की उष्णता आली. गीझरच्या कॉइलमध्ये जे होतं तेच इथे होतं, फरक इतकाच की इथे कॉइल म्हणजे द्रवच. तो सगळीकडून एकदम तापतो.

बाहेरून थंड केलं तर भिंतीलगतचा द्रव थंड राहतो, मधला गरम होतो. गरम द्रव हलका, तो वर चढतो. भिंतीजवळचा जड, तो खाली उतरतो. आधण ठेवलेल्या पातेल्यात तांदळाचे दाणे वरखाली फिरताना आपण बघतो, ते हेच अभिसरण. त्या फिरत्या पाण्यात दोन प्रथिनांचे पट्टे वेगळे ठेवायचे म्हणजे काय कठीण काम आहे, याची कल्पना येईल.

आणि अभिसरण अजिबात झालं नाही तरी प्रश्न सुटत नाही, हा मुद्दा लोक विसरतात. तापमान १ अंशाने वाढलं की पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, साधारण २ टक्क्यांनी कमी होते आणि रेणूचा वेग तेवढाच वाढतो. मध्ये आणि कडेला २ अंशांचा फरक असेल तर एकाच जातीचे रेणू मध्ये ४ टक्के पुढे जातात. ज्या दोन प्रथिनांच्या वेगांत मुळात ५ टक्क्यांचा फरक आहे, त्यांचे पट्टे मग एकमेकांत शिरणारच. यात गुरुत्वाकर्षणाचा काही संबंध नाही. अंतराळात जा, चंद्रावर जा, मध्यभागी तापलेला द्रव पातळ होणारच.

आता थोडं गणित. सूत्रांचा कंटाळा असणाऱ्यांनी दोन मिनिटं सहन करावं, कारण सगळी चिकित्सा इथेच उभी आहे. मधल्या आणि भिंतीजवळच्या तापमानातला फरक तीन गोष्टींवर ठरतो : बफरची वाहकता, विद्युतक्षेत्राचा वर्ग, आणि नळीच्या जाडीचा वर्ग. नेहमीच्या बफरची वाहकता मीटरला ०.२ सीमेन्स धरा. १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सेंटिमीटरला फक्त १० व्होल्टचं क्षेत्र लावलं तरी फरक २ अंशांच्या आसपास येतो. तीच वाहकता, पण ७५ मायक्रोमीटर व्यासाची केशनळी, आणि क्षेत्र तीसपट म्हणजे सेंटिमीटरला ३०० व्होल्ट : फरक ०.१ अंश. क्षेत्र तीसपट वाढवूनही फरक वीसपट कमी झाला. ही जाडीची ताकद.

अभिसरण किती जोर धरेल हे रॅले अंक सांगतो. त्यात गुरुत्वाकर्षण एकदा येतं, म्हणजे पहिल्या घातात. तापमानातला फरक एकदा येतो. आणि जाडी तिसऱ्या घातात येते. पण तापमानातला फरक स्वतःच जाडीच्या वर्गावर अवलंबून आहे. म्हणजे एकूण जाडी किती? पाचव्या घातात. जाडी निम्मी केली की अभिसरणाचा जोर ३२ पट कमी.

आता तुलना करा. शटलमध्ये माणसं हलत असतात, पंखे चालू असतात, त्यामुळे तिथे जाणवणारं गुरुत्व पृथ्वीवरच्या हजाराव्या ते लाखाव्या हिश्श्याइतकं उरतं. दहा हजारावा हिस्सा धरू. म्हणजे रॉकेट उडवून आपण रॅले अंक दहा हजारपट कमी केला. त्याऐवजी ३ मिलिमीटरची फट टेबलावरच ७५ मायक्रोमीटर केली, म्हणजे चाळीसपट कमी केली, तर? चाळीसचा पाचवा घात दहा कोटींच्या पुढे जातो. आता हात आखडता घेऊ. क्षेत्र दहापट वाढवलं म्हणून शंभरने भागा. बफरची वाहकता दहापट जास्त म्हणून आणखी दहाने भागा. तरीही एक लाख उरतात. रॉकेटपेक्षा दहापट जास्त, आणि तेही काचेच्या एका केसाएवढ्या नळीने.

‘गुरुत्वाकर्षण हा अडथळा आहे’ हे विधान खोटं नाही, पण ते गुन्हेगारांच्या रांगेतल्या सर्वांत सौम्य माणसाला पकडून आणण्यासारखं आहे, असं आमचं म्हणणं आहे ते यामुळे.

हे शहाणपण काही नंतर सुचलेलं नाही. स्वीडनमधल्या उप्साला इथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये आपलं उपकरण मांडलं तेव्हा त्यांनी अभिसरणाशी दोन बाजूंनी सामना केला. नळी गोल न ठेवता चपट्या आयताकृती छेदाची केली, म्हणजे उष्णता लवकर बाहेर पडेल. आणि सगळा प्रयोग ४ अंश सेल्सिअसच्या आसपास चालवला. का? पाण्याची घनता तिथे सर्वांत जास्त असते, म्हणून त्या तापमानाच्या जवळपास थोडं गरम-थंड झालं तरी घनता जवळजवळ बदलतच नाही. मधलं पाणी किंचित तापलं तरी हलकं होत नाही, मग वर कशाला चढेल? गुरुत्वाकर्षण तसंच ठेवून त्याच्या हातातली काठी काढून घेतली. या उपकरणातून रक्तद्रवातले अल्ब्युमिन आणि अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन वेगळे दिसले. १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल टिसेलियस यांना मिळालं.

याच पद्धतीच्या उपकरणावर १९४९ मध्ये पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी सिकल सेलच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकतं हे दाखवलं, आणि वाहक व्यक्तीच्या रक्तात दोन्ही असतात हेही. एका आजाराचं मूळ एका रेणूत आहे, हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. फरक रेणूमागे दोन-चार विद्युतभारांचा. अभिसरणाने तो सहज गिळला असता. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी समाजात सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे, तिथल्या तपासण्यांत हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल आजही वाचला जातो. त्या अहवालातला ‘एएस’ पट्टा आणि ‘एसएस’ पट्टा यांतला फरक म्हणजे एखाद्या मुलीला वाहक म्हणायचं की रुग्ण, हा फरक आहे. तो पट्टा उष्णतेने फिस्कटला तर चालत नाही. हा विषय आम्ही रूक्ष मानत नाही तो त्यामुळेच.

पुढे उप्सालातच टिसेलियस यांचे शिष्य स्टेलान येर्टेन यांनी १९६७ मध्ये दुसरी युक्ती मांडली. सुमारे ३ मिलिमीटरची क्वार्ट्‌झची नळी आडवी ठेवायची आणि ती आपल्या अक्षाभोवती सावकाश फिरवत राहायची. आत्ता वर असलेला द्रव थोड्या वेळाने खाली. अभिसरणाला दिशा सापडायच्या आत दिशाच बदलते. पापड भाजताना आपण तो उलटसुलट करत राहतो, जवळपास त्याच तत्त्वावर! हे सगळं अपोलो १४ च्या चार वर्षं आधी.

तिसरा मार्ग जेलचा. टोरोंटोत ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्चचं जेल वापरलं. लहानपणी आईच्या हाताखाली कपड्यांना खळ करताना ती थंड झाल्यावर घट्ट होते हे पाहिलेलं त्यांना आठवलं, असं ते सांगत. जेल म्हणजे रेणूंची चाळण असं आपल्याकडे शिकवतात. ते बरोबर आहे, पण जेलचं आणखी एक मूळ काम आहे : द्रवाला जागच्या जागी धरून ठेवणं. पाणी फिरूच शकत नाही, मग अभिसरण होणार कुठून? आणि चौथा मार्ग केशनळीचा. जॉर्गन्सन आणि लुकाक्स यांनी १९८१ मध्ये ७५ मायक्रोमीटरच्या काचेच्या नळ्यांत ३० हजार व्होल्टपर्यंत जाऊन दाखवलं. माणसाच्या जनुकसंचाचा क्रम वाचला गेला तो अशाच नळ्यांच्या यंत्रांवर, आणि ती यंत्रं जमिनीवरच होती.

१९८१ हे साल लक्षात ठेवा.

आता अंतराळात काय झालं ते बघू. १९७१ मध्ये अपोलो १४ च्या परतीच्या वाटेवर एक छोटं प्रात्यक्षिक झालं. लाल-निळे रंग वेगळे झाले. हिमोग्लोबिन आणि डीएनए यांचे नमुने मात्र जिवाणूंनी आधीच खाऊन टाकले होते. १९७२ मध्ये अपोलो १६ वर दोन आकारांचे पॉलिस्टायरीनचे कण पाठवले. इथे खरी बातमी आली. अभिसरण नव्हतं, अपेक्षेप्रमाणे. पण कणांचा पट्टा सपाट न राहता बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार झाला. कारण नळीच्या भिंतीवर स्वतःचा विद्युतभार असतो. त्यामुळे भिंतीलगतचा द्रव एका दिशेने सरकतो, आणि नळी बंद असल्याने तो मधून परत येतो. याला इलेक्ट्रोऑस्मोसिस म्हणतात. गुरुत्वाकर्षण काढलं आणि त्याच्या मागे उभा असलेला पुढचा गडी दिसला.

आमच्या मते त्या उड्डाणाचा हा निष्कर्ष ठळक अक्षरात लिहायला हवा होता. शास्त्रज्ञांनी तो घेतलाही : १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत भिंतींना भार कमी करणारा लेप लावला आणि मूत्रपिंडाच्या पेशी वेगळ्या करून पाहिल्या. जाहिरातीत मात्र वाक्य तेच राहिलं : गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून शुद्धता.

मग आलं मोठं यंत्र. मॅकडॉनेल डग्लस कंपनीने नासाबरोबर सतत वाहत्या प्रवाहातल्या इलेक्ट्रोफोरेसिसचं यंत्र तयार केलं. यात बफरचा पातळ पडदा एका दिशेने वाहत असतो, त्यात नमुन्याची बारीक धार सोडतात, आणि आडव्या विद्युतक्षेत्राने ती धार पंख्यासारखी पसरते. शेवटी प्रत्येक अंश वेगळ्या नळीत गोळा होतो. जर्मनीत कुर्ट हानिग यांनी ही पद्धत पृथ्वीवर चांगली विकसित केली होती, पण फट अरुंद ठेवून. अंतराळातल्या यंत्राचा मोह हाच होता की अभिसरण नसल्यामुळे फट रुंद ठेवता येईल आणि माल जास्त निघेल. जून १९८२ मध्ये शटलच्या चौथ्या उड्डाणात ते पहिल्यांदा गेलं, आणि नोव्हेंबर १९८५ पर्यंत एकूण सात वेळा. शेवटच्या तीन वेळा कंपनीचे अभियंते चार्ल्स वॉकर स्वतः बरोबर होते.

तेव्हा गाजलेला आकडा होता ७०० पट. पृथ्वीवरच्या तुलनेत ७०० पटींहून जास्त माल वेगळा झाला, आणि शुद्धता चौपट. हा आकडा वर्तमानपत्रांतून फिरला, भाषणांतून फिरला. आमचा आक्षेप आकड्याच्या खरेपणावर नाही, तुलनेवर आहे. तुलना कोणाशी? तशाच यंत्राच्या पृथ्वीवरच्या कामाशी. जे यंत्र वजनरहित अवस्थेसाठी बेतलेलं आहे, त्याला जमिनीवर चालवून ‘बघा किती मागे पडलं’ म्हणायचं. माशाला फांदीवर बसवून त्याची पक्ष्याशी शर्यत लावावी तसं हे झालं. तुलना व्हायला हवी होती ती पृथ्वीवरच्या सर्वोत्तम पद्धतीशी.

आणि हे ७०० येतात कुठून? त्यांतला मोठा वाटा उष्णतेच्या अभिसरणाचा नाहीच. पृथ्वीवर नमुना अगदी पातळ करून सोडावा लागतो, कारण दाट प्रथिनाची धार बफरपेक्षा जड असते आणि ती खाली बसते. अंतराळात ही अडचण नाही, म्हणून दाट नमुना सोडता आला. हा फायदा गुरुत्वाच्या अभावाचाच आहे, मान्य. पण दाट नमुना सोडला की तिथे दुसरा सापळा असतो. नमुन्याची वाहकता बफरपेक्षा वेगळी असेल तर दोघांच्या सीमेवर विद्युतभार साठतो, आणि विद्युतक्षेत्र त्या भाराला ओढतं. परिणाम असा की गोल धार चपटी होऊन फितीसारखी पसरते. वेगळं करणारं क्षेत्रच नमुन्याला विस्कटतं! शटलच्या १९८३ च्या सातव्या उड्डाणात लॅटेक्स कणांवर नासाच्या शास्त्रज्ञांनी वाहकतेच्या या तफावतीचा परिणाम पाहिला, आणि १९८९ मध्ये मार्शल केंद्रातले ऱ्होड्स, स्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनी या विकृतीचा सविस्तर अभ्यास छापला. म्हणजे दाव्याची सर्वांत कडक टीका दाव्याच्या घरातूनच आली. त्या माणसांबद्दल आम्हाला आदर आहे.

फट रुंद ठेवण्याचीही किंमत असते. जाडीचा वर्ग आठवा. अभिसरण नसेल, पण मध्यभाग तापणार, तिथले रेणू पळणार, भिंतीजवळचे रेणू प्रवाह मंद असल्यामुळे क्षेत्रात जास्त वेळ राहणार, आणि पट्टा चंद्रकोरीसारखा वाकणार. रॉकेटने यातलं काहीच सुटत नाही.

शेवट काय झाला तोही सांगितला पाहिजे. यंत्रातून मिळवायचं होतं एरिथ्रोपोएटिन, रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक. त्याची निकड खरी होती. डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्तक्षयासाठी वारंवार रक्त चढवावं लागे. १९७७ मध्ये मियाके आणि गोल्डवॉसर यांनी रुग्णांच्या २,५५० लिटर लघवीतून ते शुद्ध करून दाखवलं होतं. हाती आले होते काही मिलिग्रॅम. अशा परिस्थितीत ७०० पट हा शब्द ऐकून कोणाचे डोळे चमकणार नाहीत? १९८४ च्या उड्डाणात मात्र आलेल्या मालात जिवाणूंचं विष, एंडोटॉक्सिन, निघालं आणि तो माणसांवर वापरण्याजोगा राहिला नाही. दरम्यान अ‍ॅमजेनमध्ये फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं होतं. जनुक हाती आलं की पेशीच कारखाना होते. औषध कंपनीच्या भागीदाराने १९८५ मध्ये अंतराळाची वाट सोडून जनुकाची धरली. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला आणि उड्डाणंच थांबली. १९८९ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून काढलेल्या मालाला.

लोक म्हणतात, ‘चॅलेंजरने कार्यक्रम बुडवला.’ तारखा तसं सांगत नाहीत. भागीदार आधीच गेला होता.

दुसरी बाजूही मांडू, नाहीतर आमचीही चिकित्सा एकांगी होईल. केशनळीत मावतो तो नमुना थेंबाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. ओळखायला पुरे, औषध काढायला नाही. जेलमधून अख्ख्या पेशी जात नाहीत. पेशी जड, त्या मोकळ्या द्रवात तळाशी बसतात. तिथे वजनरहित अवस्थेचा उपयोग आहेच. ब्रिटनमधल्या हारवेल इथे फिल्पॉट यांनी दोन दंडगोलांमधल्या फटीत बाहेरचा दंडगोल फिरवून प्रवाह स्थिर ठेवला आणि मोठ्या प्रमाणावर काम केलं. म्हणजे मोठ्या प्रमाणाचा प्रश्नसुद्धा जमिनीवर हाताळता येत होता, पण तो सोपा नव्हता हे खरं. आम्ही नाकारतो ते एवढंच : एका कारणावर सगळा दोष टाकून त्या कारणापासून पळून जाण्याला उपाय म्हणणं.

याचा आपल्या वर्गांवर परिणाम होतो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात अ‍ॅगरोज जेलवर डीएनए चालवतात, तास संपत आलेला असतो, कोणीतरी व्होल्टेज वाढवतं. थोड्या वेळाने मधल्या रांगा पुढे गेलेल्या आणि कडेच्या मागे राहिलेल्या दिसतात, पट्टे हसतात. वहीत शेरा पडतो ‘जेल नीट ओतलं नाही’. अहो, जेलने बिचाऱ्याने अभिसरण थांबवलं होतं! पण मध्यभाग तापणं त्याला थांबवता येत नाही. शिवाय वीजपुरवठ्याचा डबा स्थिर व्होल्टेजवर असेल तर प्रकरण चिघळतं : बफर तापला की वाहकता वाढते, प्रवाह वाढतो, आणखी तापतं. स्थिर प्रवाहावर ठेवला तर उलट, तापल्यावर उष्णता कमी होते, पण क्षेत्रही कमी होतं आणि वेळ लागतो. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक डिसेंबरपेक्षा जास्त जाणवतो, हे वेगळं सांगायला नको.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे : ‘टाकी बर्फात ठेवली तर व्होल्टेज वाढवता येईल का?’ थोडंसं येईल. बर्फाने एकूण तापमान उतरतं, बफरची वाहकता कमी होते, म्हणून उष्णताही कमी तयार होते. पण मध्य आणि कड यांतला फरक बर्फाने पुसला जात नाही, कारण तो बाहेरच्या तापमानावर ठरत नाही. तो ठरतो क्षेत्राच्या आणि जाडीच्या वर्गावर. व्होल्टेज दुप्पट केलं की हा फरक चौपट होतो. तेव्हा बर्फ आणण्याआधी जेल पातळ ओता, बफर गरजेपेक्षा तीव्र करू नका, आणि इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्टच्या आसपास राहा. दीड तास लागेल. तेवढ्यात चहा होतो.